पिल्लू कुणाचे, पारख कुणाची?

भारतातील मांसाहाराची सार्वजनिक चर्चा बहुधा गोवंश, कत्तलखाने आणि श्रद्धा यांच्याभोवती फिरत राहते. आकडेवारी मात्र दुसरीकडे बोट दाखवते. २०२२-२३ या वर्षी देशात सुमारे ९७.७ लाख टन मांसाचे उत्पादन झाले आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कोंबडीचा होता. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींच्या पुढे गेली होती. २०१२ च्या तुलनेत ही वाढ १६.८ टक्क्यांची. गणना एका ठरावीक वेळेची असते, ब्रॉयलरचे शेड मात्र वर्षातून अनेकदा भरते आणि रिकामे होते. त्यामुळे देशाच्या ताटात जाणाऱ्या पक्ष्यांची खरी संख्या या आकड्याहून कितीतरी मोठी आहे.

एवढ्या मोठ्या व्यवसायाच्या मुळाशी एक दिवसाचे पिल्लू असते. ते छिद्रे असलेल्या खोक्यातून शेतकऱ्याच्या शेडवर येते आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास वजन गाठून बाजारात जाते. हे पिल्लू कोणत्या वाणाचे आहे, आपल्या भागातील उन्हाळ्यात ते किती वाढेल आणि गावात फिरणाऱ्या रोगांपुढे किती तग धरेल, या साध्या प्रश्नांची उत्तरे ते पाळणाऱ्याला कोण देते? गहू किंवा भाताच्या वाणाबाबत हाच प्रश्न विचारला, तर कृषी विद्यापीठे, समन्वित चाचण्या, अधिसूचित वाणांच्या याद्या आणि १९६६ चा बियाणे कायदा अशी उत्तरांची एक परंपरा समोर येते. कोंबडीच्या पिल्लाला असे छत्र नाही. तेथे विक्रेत्याचे माहितीपत्रक असते, शेजाऱ्याचा अनुभव असतो आणि कंपनीच्या सुपरवायझरचा शब्द असतो.

स्थानिक शेतांवर ब्रॉयलरच्या वाणांची तुलना करणे हा वरकरणी पशुवैद्यकीय महाविद्यालयातील प्रबंधाचा विषय वाटतो. वस्तुतः तो धोरणाचा विषय आहे. तुलना कोण करतो, कशाची करतो आणि निष्कर्ष कुणाच्या हाती जातात, यावर लाखो छोट्या पालकांचे उत्पन्न आणि काही अंशी सार्वजनिक आरोग्यही अवलंबून आहे.

असीलची परदेशवारी

आजच्या ब्रॉयलरच्या वंशवृक्षात भारताचे स्थान मोठे आहे, पण ते फारसे कुणाच्या लक्षात नसते. आंध्र, छत्तीसगड आणि ओडिशाच्या पट्ट्यात झुंजीसाठी जोपासलेली असील ही जात रुंद छातीची, भक्कम बांध्याची आणि काटक म्हणून प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकात असील इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पोहोचली. तेथील झुंजीच्या कोंबड्यांशी आणि मलाया जातीशी संकर होऊन जी जात तयार झाली, तिचे नावच ‘इंडियन गेम’ असे पडले. बंगालच्या फौजेतील सेनानी सर वॉल्टर रॅले गिल्बर्ट यांना या संकराचे श्रेय देण्याची परंपरा आहे. झुंजीच्या दृष्टीने हा पक्षी मंद निघाला, पण त्याच्या छातीवर मांस मात्र भरपूर होते. पुढे अमेरिकेत नावातील ‘इंडियन’ गळून पडले आणि ‘कॉर्निश’ हे नाव उरले.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाची राष्ट्रव्यापी स्पर्धा भरवण्यात आली. एका मोठ्या किराणा साखळीने तिला पैसे पुरवले, सरकारी कृषी खात्याने सहकार्य केले. अंडी न देणाऱ्या कोंबड्या आणि नको असलेले नर यांचे मांस विकण्याऐवजी केवळ मांसासाठीच पक्षी घडवावा, हा स्पर्धेचा हेतू होता. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियातील व्हॅन्ट्रेस यांच्या कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर संकराने बाजी मारली. ब्रॉयलर उद्योगाचे आजचे रूप या स्पर्धेतून घडले. स्पर्धकांची अंडी एकत्र आणून, एकाच ठिकाणी उबवून, सारख्याच परिस्थितीत वाढवून मग गुण दिले गेले, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खासगी उद्योगाच्या भरभराटीची सुरुवात एका सार्वजनिक, तटस्थ तुलनेने झाली होती.

आज जगातील ब्रॉयलरच्या शुद्ध वंशरेषा प्रामुख्याने दोन बहुराष्ट्रीय समूहांच्या ताब्यात आहेत. ‘कॉब’ हे वाण एकाचे, ‘रॉस’ आणि ‘हबर्ड’ दुसऱ्याचे. भारतात आधुनिक ब्रॉयलर घरोघरी पोहोचवण्यात पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा वाटा फार मोठा. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभारलेल्या या उद्योगाने कॉबच्या सहयोगाने ‘वेनकॉब’ हे वाण देशभर नेले. दक्षिणेत, विशेषतः कोइमतूर आणि उडुमलपेटच्या परिसरात, करार पद्धतीने कोंबडीपालन करून घेणाऱ्या कंपन्या वाढल्या. २०१९ च्या गणनेत तमिळनाडू १२ कोटींहून अधिक पक्ष्यांसह पहिल्या क्रमांकावर असण्यामागे हा इतिहास आहे.

या उद्योगाची रचना मनोऱ्यासारखी आहे. शिखरावर शुद्ध वंशरेषा, त्यांच्याखाली पणजोबा पिढी, मग आजोबा पिढी, मग आई-बाप पिढी आणि तळाशी शेतकऱ्याच्या शेडमधील पिल्लू. हे पिल्लू चार वंशरेषांचा संकर असते. त्यापासून पुन्हा पिल्ले काढली, तर गुण विखुरतात. त्यामुळे पालक प्रत्येक बॅचसाठी वरच्या पायरीवर अवलंबून राहतो. शिखरावर निवडीचे निकष काय ठेवले गेले, हे तळाशी असलेल्याला कळत नाही. परिणाम मात्र त्याच्याच शेडमध्ये दिसतात.

वाढीचा हिशेब आणि प्रतिकारशक्तीची बाकी

निवडीने काय साधले, याचे सर्वांत बोलके मोजमाप कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ मधील मांसल कोंबड्यांचे कळप, त्यांच्यावर पुढे कोणतीही निवड न करता, पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले होते. हे दोन कळप आणि २००५ मधील रॉस जातीचे व्यापारी वाण एकाच वेळी, एकाच खाद्यावर वाढवण्यात आले. ५६ व्या दिवशी सरासरी वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम भरली. अर्ध्या शतकाच्या आत वजन साडेचार पटींहून अधिक झाले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात हेवनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९५७ चा व २००१ चा पक्षी आणि त्या-त्या काळातील खाद्य यांची उलटसुलट जुळणी करून पाहिली. वाढीतील फरकापैकी ८५ ते ९० टक्के वाटा आनुवंशिक निवडीचा आणि उरलेला खाद्याचा, असा त्यांचा २००३ चा निष्कर्ष होता.

याच मालिकेतील आणखी एका अभ्यासात रोगप्रतिकारशक्ती तपासली गेली. मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्यावर जुन्या वाणाने अधिक प्रतिपिंडे तयार केली. नव्या वाणात मात्र पेशींद्वारे होणारा आणि दाहाच्या स्वरूपाचा प्रतिसाद अधिक आढळला. म्हणजे ‘नव्या कोंबडीत प्रतिकारशक्तीच उरलेली नाही’ हे लोकप्रिय विधान खरे नाही. प्रतिकारशक्तीचा तोल बदलला आहे. एक बाजू दुबळी झाली आणि दुसरी तीव्र. दाह ही शरीराला महागात पडणारी गोष्ट. त्यात वाढीसाठीचे अन्नही खर्ची पडते.

अमेरिकेतील व्हर्जिनियात १९७० च्या दशकापासून उलट दिशेचा प्रयोग चालला. अधिक प्रतिपिंडे देणारी आणि कमी देणारी अशा दोन वंशरेषा केवळ त्याच एका गुणावर निवडत नेण्यात आल्या. अधिक प्रतिपिंडे देणाऱ्या रेषेतील पक्षी वजनाने हलके निघाले. २०११ मध्ये अशा अनेक निवड-प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. केवळ वाढीसाठी निवड केली की प्रतिकारक्षमता घटते. मात्र प्रतिकारक्षमतेसाठी निवड केली, तर वाढ दर वेळी घटतेच असे नाही. धोरणकर्त्यांनी दुसऱ्या निष्कर्षाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. वाढ आणि काटकपणा यांचे हाडवैर नाही. कोणता गुण मोजायचा आणि कोणत्या गुणाला मोल द्यायचे, हा निवडीचा प्रश्न आहे.

प्रतिकारशक्तीच्या विज्ञानावर कोंबडीचे ऋण आहे, हेही सांगायला हवे. पक्ष्याच्या गुदद्वाराजवळ ‘फॅब्रिशियसची पिशवी’ नावाचे एक लहानसे इंद्रिय असते. पादुआचे शरीररचनाकार फॅब्रिशियस यांचे नाव त्याला मिळाले, पण त्याचे कार्य कित्येक शतके कुणाला ठाऊक नव्हते. ही पिशवी काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडेच तयार होत नाहीत, हे १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक यांनी दाखवले. माणसाच्या रक्तातील ज्या पेशींना आज आपण ‘बी’ पेशी म्हणतो, त्यांचे नाव या पिशवीच्या लॅटिन नावाच्या आद्याक्षरावरून आले. गंबोरो या रोगाचा विषाणू नेमका याच पिशवीवर हल्ला करतो. ज्या पिल्लाला लहानपणी गंबोरो झाला, त्याला दिलेल्या पुढच्या लसीही निम्म्या वाया जातात.

भारतीय पालकाची जुनी धास्ती मात्र मानमोडीची. जगभर ‘न्यूकॅसल’ म्हणून ओळखला जाणारा हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे नोंदला गेला. १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे तो आढळला आणि भारतात त्याला तेच नाव चिकटले. तेथून जवळच असलेल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संस्थेत १९४० च्या दशकात विकसित झालेली लस आजही वापरात आहे. गावठी कोंबडी काटक असते, पण मानमोडीची साथ आली की परसातील खुराडीही एका रात्रीत ओस पडतात. काटकपणा म्हणजे सर्व रोगांपासूनचे अभय नव्हे. त्यामुळे वाणांची तुलना करताना ‘प्रतिकारशक्ती’ असा एकच मोघम रकाना ठेवून भागत नाही. कोणत्या रोगापुढे आणि कोणत्या वयात, हे विचारावे लागते.

शेडमधील मोजमाप

ब्रॉयलरच्या व्यवसायात एका सूत्राला मोठा मान आहे. जगलेल्या पक्ष्यांची टक्केवारी आणि सरासरी वजन यांचा गुणाकार करायचा, त्याला दिवस आणि खाद्य-रूपांतराचे प्रमाण यांच्या गुणाकाराने भागायचे आणि शंभराने गुणायचे. जो आकडा येतो, तो उत्पादन निर्देशांक. एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले, ते खाद्य-रूपांतराचे प्रमाण. शेतकरी त्याला ‘एफसीआर’ म्हणतो. उत्पादन खर्चात खाद्याचाच वाटा सर्वांत मोठा असल्याने या प्रमाणातील दुसऱ्या दशांश स्थळावरही नफा-तोटा ठरतो.

समजा, हिवाळ्यात एका जलद वाढणाऱ्या वाणाचे ९५ टक्के पक्षी जगले, चाळिसाव्या दिवशी वजन २.२ किलो भरले आणि रूपांतराचे प्रमाण १.६५ राहिले. निर्देशांक ३१७ येईल. त्याच शेडमध्ये संथ वाढीच्या, काटक वाणाचे ९८ टक्के पक्षी जगले, पण वजन १.९ किलो आणि प्रमाण १.७५ राहिले, तर निर्देशांक २६६. निकाल स्पष्ट आहे. आता मे महिना धरा. जलद वाणाची मरतुक १५ टक्क्यांवर गेली, वजन १.८ किलोवर थांबले आणि प्रमाण १.९५ झाले, तर निर्देशांक १९६ वर येतो. संथ वाणाचे ९५ टक्के पक्षी १.७ किलो वजनाने आणि १.९ प्रमाणाने बाहेर पडले, तर त्याचा निर्देशांक २१२ होतो. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. पण वाणांचा क्रम ऋतूनुसार आणि जागेनुसार उलटू शकतो, ही गोष्ट पशुप्रजननशास्त्राला चांगली परिचित आहे. वातानुकूलित शेडमध्ये झालेल्या चाचणीवरून विदर्भातील, तेलंगणातील किंवा बुंदेलखंडातील उघड्या बाजूंच्या, पत्र्याच्या शेडमधील निकाल सांगता येत नाही, तो याचमुळे.

स्थानिक शेतावर तुलना करताना फसण्याच्या जागाही पुष्कळ. एका शेतकऱ्याकडे एक वाण आणि दुसऱ्याकडे दुसरे देऊन निकाल मांडला, तर फरक वाणाचा की शेतकऱ्याच्या हाताचा, हे कळत नाही. प्रत्येक शेतावर दोन्ही वाणे एकाच दिवशी, एकाच छपराखाली, वेगवेगळ्या कप्प्यांत, एकाच खाद्यावर ठेवावी लागतात आणि अशी शेते पुरेशा संख्येने घ्यावी लागतात. तरुण आणि वयस्क कोंबड्यांच्या अंड्यांचे वजन सारखे नसते आणि त्यानुसार पिल्लाचे पहिल्या दिवसाचे वजन बदलते. म्हणून आई-बाप कळपाचे वय नोंदवावे लागते.

प्रतिकारशक्तीच्या मोजमापात तर एक खास चकवा आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाच्या रक्तात सापडणारी प्रतिपिंडे बव्हंशी आईकडून अंड्यातील बलकाद्वारे आलेली असतात. आईला चांगले लसीकरण झाले असेल, तर पिल्लाचा आकडा उत्तम दिसतो. त्यात पिल्लाच्या स्वतःच्या वाणाचे कर्तृत्व काहीच नसते. ही आईची शिदोरी ओसरल्यावर, लस दिल्यानंतर ठरावीक दिवसांनी रक्त तपासले, बर्सा आणि प्लीहा यांचे शरीराच्या वजनाशी असलेले प्रमाण पाहिले आणि रक्तातील पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांच्या गुणोत्तरावरून ताण जोखला, तरच काही अर्थपूर्ण सांगता येते.

आणखी एक पडदा औषधांचा. पाण्यातून आणि खाद्यातून प्रतिजैविके दिली जात असतील, तर दुबळे वाणही सशक्त दिसते. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०१४ मध्ये राजधानी परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळले. माणसांवरील उपचारातील शेवटच्या फळीचे औषध मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनचा पशुखाद्यातील वापर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला. ही बंदी योग्यच होती. परंतु औषधांची कुबडी काढून घेतल्यावर कोणते वाण स्वतःच्या पायांवर उभे राहते, हे सांगणारी व्यवस्था त्याबरोबर उभी राहायला हवी होती.

करारातील शेतकरी

देशातील ब्रॉयलर उत्पादनाचा फार मोठा भाग आता करार पद्धतीने चालतो. पिल्ले, खाद्य, औषधे आणि देखरेख कंपनीची. शेड, पाणी, वीज, भाताचे तूस आणि मजुरी शेतकऱ्याची. पक्ष्यांची मालकी शेवटपर्यंत कंपनीचीच. शेतकऱ्याला किलोमागे संगोपन शुल्क मिळते आणि ते खाद्य-रूपांतर व मरतुक यांच्या निकषांवर कमी-जास्त होते.

या व्यवस्थेला एकतर्फी दोष देणे अन्यायाचे ठरेल. भारत रामस्वामी, प्रतापसिंह बिरथल आणि पी. के. जोशी यांनी आंध्र प्रदेशातील ब्रॉयलर पालकांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले होते. करार पद्धत अधिक कार्यक्षम आहे, वाढीव कार्यक्षमतेचा बहुतांश लाभ कंपनीच्या पदरात पडतो, मात्र शेतकऱ्याची जोखीम बरीच कमी होते. जोखीम कमी होण्याचे मोल फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा दिसले आणि २०२० च्या आरंभी कोंबडीतून करोना पसरतो या अफवेने भाव कोसळले तेव्हाही दिसले. बाजारभावाच्या फटक्यापासून करारातील पालक बऱ्याच अंशी बचावला. स्वतंत्र पालकाने स्वतःच्या पैशाने खाद्य घातले होते, त्याचे कंबरडे मोडले.

तरीही एक विसंगती उरते. खाद्य-रूपांतर आणि मरतुक या ज्या दोन आकड्यांवर शेतकऱ्याचे शुल्क ठरते, ते आकडे जितके त्याच्या मेहनतीवर अवलंबून, तितकेच पिल्लाच्या वाणावर, आई-बाप कळपाच्या वयावर आणि उबवणी केंद्राच्या स्वच्छतेवर. या तिन्हींची निवड त्याच्या हातात नाही आणि बहुधा त्यांची माहितीही त्याला दिली जात नाही. ज्या घटकावर आपले नियंत्रण नाही, त्याच्या परिणामांसाठी दंड भरायचा, हा कोणत्याही कराराच्या न्यायात बसत नाही. केंद्राने २०१८ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या कंत्राटी शेतीच्या आदर्श कायद्यात पशुधनाचा स्पष्ट समावेश आहे. २०२० च्या कृषी कायद्यांवरील वादळात त्या मसुद्याकडे दुर्लक्ष झाले. करारपत्रात वाणाचे नाव, आई-बाप कळपाचे वय, त्याचे लसीकरण आणि उबवणीची तारीख नोंदवणे बंधनकारक करण्यासाठी राज्यांना त्याचाच आधार घेता येईल.

सरकारी वाणांचे गणित

सार्वजनिक संशोधन या क्षेत्रात मागे राहिले, असे म्हणता येत नाही. बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कॅरीब्रो विशाल’, ‘कॅरीब्रो धनराजा’ यांसारखी ब्रॉयलर वाणे दिली. तिच्याच ‘कॅरीब्रो मृत्युंजय’ या वाणात उघड्या मानेचे जनुक आहे. त्यामुळे पिसारा कमी होतो, अंगातील उष्णता लवकर बाहेर पडते आणि उन्हाळ्यात पक्ष्याची धाप कमी होते. हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने ‘कृषिब्रो’ हे रंगीत ब्रॉयलर, तसेच परसासाठी ‘वनराजा’, ‘ग्रामप्रिया’ आणि ‘श्रीनिधी’ विकसित केली. बंगळुरूच्या ‘गिरिराजा’चे नाव महाराष्ट्रातील बचत गटांनाही परिचित आहे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून आसामसाठी ‘कामरूपा’, राजस्थानसाठी ‘प्रतापधन’, मध्य प्रदेशासाठी ‘नर्मदानिधी’, झारखंडसाठी ‘झारसिम’ आणि हिमाचलसाठी ‘हिमसमृद्धी’ अशी प्रदेशनिहाय वाणे पुढे आली. खासगी क्षेत्रातील ‘कुरॉयलर’ने १९९० च्या दशकापासून गावोगावी स्वतंत्र बाजार उभा केला.

परसातील पक्ष्याची आणि व्यापारी ब्रॉयलरची एकाच तराजूत तुलना करू नये, हे खरे. वनराजा चाळीस दिवसांत दोन किलोंची होत नाही. ती तशी व्हावी म्हणून घडवलेलीच नाही. पण तिच्या क्षेत्राचा विस्तार दुर्लक्षण्याजोगा नाही. २०१२ ते २०१९ या काळात व्यापारी कोंबड्यांची संख्या अवघी ४.५ टक्क्यांनी वाढली, परसातील ४५.८ टक्क्यांनी. राज्य सरकारे महिलांना आणि आदिवासी कुटुंबांना पिल्ले वाटण्यावर मोठा खर्च करतात. कोणत्या जिल्ह्यात कोणते वाण वाटायचे, हे मात्र त्या जिल्ह्यातील चाचणीपेक्षा पुरवठादाराकडील उपलब्धता आणि निविदेतील दर यांवर अधिक ठरते. वाटपाच्या अहवालात किती पिल्ले दिली याचा रकाना असतो. सहा महिन्यांनी किती जगली, हा रकाना असेल तरी तो भरला जाईलच असे नाही.

वाणांच्या तटस्थ चाचणीची व्यवस्था अगदीच नाही असेही नाही. चंदीगड, भुवनेश्वर, मुंबई आणि बंगळुरूजवळील हेस्सरघट्टा येथे केंद्राच्या कुक्कुट विकास संस्था उभ्या राहिल्या आणि गुरुग्रामच्या केंद्रावर सरकारी व खासगी वाणांची यादृच्छिक नमुन्यांवर कामगिरी तपासण्याचे काम सोपवले गेले. कल्पना उत्तम आहे. मर्यादा अशी की एका केंद्रातील चोख व्यवस्थापनात झालेली चाचणी एकाच ठिकाणचे उत्तर देते. आसामचा दमटपणा, मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा आणि काश्मीरची थंडी गुरुग्राममध्ये आणता येत नाही.

तुलना शेतावर आणा

येथे आफ्रिकेतील एक उपक्रम मार्गदर्शक ठरावा. नैरोबीस्थित आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली गेल्या दशकात इथिओपिया, टांझानिया आणि नायजेरिया या देशांत कोंबडीची अनेक सुधारित वाणे थेट छोट्या पालकांच्या अंगणात तपासण्यात आली. पालक कुटुंबांकडून नोंदी घेतल्या गेल्या, कोणता पक्षी का आवडला हे बायकांना विचारले गेले आणि निवड त्यावर बेतली गेली. त्या वाणांत भारताचा कुरॉयलरही होता. भारतीय पक्ष्याची पारख आफ्रिकेच्या अंगणात होऊ शकते, तर ती भंडारा, बस्तर आणि बारपेटा येथेही व्हायला हवी.

त्यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत, जवळपास प्रत्येक मोठ्या राज्यात पशुवैद्यकीय विद्यापीठ किंवा महाविद्यालय आहे. हवामानाच्या प्रत्येक विभागात निवडक शेतांवर, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत, किमान प्रतिजैविकांवर वाणांची जोडीने चाचणी घेता येईल. वजन आणि खाद्य-रूपांतराबरोबर मरतुकीची कारणे, लसीनंतरची प्रतिपिंडे आणि औषधांचा खर्च हे रकाने सक्तीचे असावेत. पिकांच्या समन्वित चाचण्यांत खासगी कंपन्या शुल्क भरून आपली संकरित वाणे उतरवतात. कोंबडीच्या कंपन्यांनाही तोच मार्ग खुला ठेवता येईल. वंशरेषा हे त्यांचे व्यापारी गुपित राहू द्यावे, पण बाजारात आलेल्या पिल्लाची कामगिरी हे गुपित असू शकत नाही. निष्कर्ष प्रादेशिक भाषांत आणि जिल्ह्यानिहाय प्रसिद्ध झाले, तरच त्यांचा उपयोग.

दुसरी गोष्ट जतनाची. अल्बर्टाचा प्रयोग शक्य झाला, कारण एका सार्वजनिक विद्यापीठाने अनेक दशके ‘निरुपयोगी’ वाटणारे दोन कळप पोसले. आपल्याकडे असील, कडकनाथ, निकोबारी, अंकलेश्वर आणि नंदुरबार-सुरत सीमेवरील बुसरा अशा नोंदणीकृत देशी जाती आहेत आणि संशोधन संस्थांकडे निवड न केलेले नियंत्रण कळपही आहेत. अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की पहिला घाव अशाच कळपांवर बसतो. तेवढ्या कळपाच्या खाद्यावर वर्षाला होणारा खर्च मात्र एखाद्या छोट्या पुलाच्या दुरुस्तीएवढाही नसतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याचा हेतू अशा संपत्तीचे रक्षण हाच होता. असील एकदा देशाबाहेर गेली आणि ब्रॉयलरच्या रूपाने आजोबा पिढीच्या खोक्यांतून मोल देऊन परत आली, एवढा धडा पुरेसा असावा.

तिसरा प्रश्न अधिकारक्षेत्राचा. राज्यघटनेनुसार पशुधनाची सुधारणा हा राज्यसूचीतील विषय आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोगांचा प्रसार रोखणे समवर्ती सूचीत येते. आजोबा पिढीची आयात केंद्राच्या हाती. एकाच पक्ष्याची वाढ राज्याकडे, त्याचा रोग दोघांकडे आणि त्याचा वंश केंद्राकडे, अशी ही विभागणी. आयातीला परवानगी देताना त्या वाणाच्या भारतीय शेतांवरील चाचणीचा अहवाल मागण्याची तरतूद केंद्राने केली आणि पिल्ले खरेदीच्या निविदांत तोच अहवाल राज्यांनी निकष म्हणून लावला, तर हे तुकडे जुळू शकतात. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याचीही आवश्यकता नाही. खात्याचे परिपत्रक आणि निविदेची एक अट पुरेशी आहे.

स्वस्त कोंबडीने कोट्यवधी भारतीयांच्या ताटात प्रथिने आणली, हे मान्य करूनच ही मागणी करायला हवी. जलद वाढणाऱ्या वाणांना विरोध करण्याचे कारण नाही. जेथे वीज, थंडावा आणि लसीकरण नीट आहे, तेथे तीच वाणे जिंकतील आणि जिंकावीत. जेथे दुपारी वीज जाते, पंखे थांबतात आणि पशुवैद्य वीस किलोमीटरवर असतो, तेथे कोणते वाण टिकते, हे कुणीतरी तटस्थपणे मोजून सांगितले पाहिजे. आज त्या मोजमापाचा खर्च शेतकरी मरतुकीच्या रूपाने, स्वतःच्या शेडमध्ये, प्रत्येक उन्हाळ्यात भरतो आहे. आणि त्याने मेलेल्या पक्ष्यांची जी संख्या वहीत लिहिली, ती त्या वहीबाहेर कुठेही जात नाही.